कोपऱ्यातला कॉम्प्युटर आणि वायफाय

आपल्या सोलापूर जिल्ह्याला क्यूआर कोडचं अप्रूप राहिलेलं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना हे कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण घरी तो कोड मूल उघडतं कशावर? वडिलांच्या मोबाइलवर. म्हणजे वडील कामावरून येईपर्यंत थांबायचं, आणि मोबाइल हातात आला की पाठ पाच मिनिटं, रील्स तासभर!

दुसरीकडे कित्येक घरांत जुना डेस्कटॉप कोपऱ्यात चादर पांघरून बसलेला असतो. (चादर अर्थातच सोलापुरी.) विचारलं की उत्तर ठरलेलं : "सर, त्याला नेट चालत नाही, आता पोराला टॅबच घ्यायचा विचार आहे." माझं स्पष्ट मत आहे, टॅब घेण्याआधी तो कॉम्प्युटर जोडून बघा. मोठा पडदा बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पांघरुणात शिरून कोणी डेस्कटॉप बघत नाही. त्याला कॅमेरा नसला तरी अडत नाही. दीक्षाच्या क्यूआर कोडखाली सहा अक्षर-अंकांची खूण छापलेली असते, ती दीक्षाच्या संकेतस्थळावर टाइप केली की तोच पाठ उघडतो.

जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसतंच, त्यामुळे नेटवर्कची यादीच दिसत नाही आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो. तो लावून स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करा, आपल्या राउटरचं नाव निवडा, पासवर्ड टाका. एवढंच. राउटर शेजारीच असेल तर साधी लॅन केबल उत्तम, आणि राउटरच नसेल तर मोबाइल डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, तेही चालतं.

लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी. राउटर दोन नावं दाखवत असेल तर '५जी' लिहिलेलं नाव स्वस्त डोंगलला दिसत नाही, कारण तो फक्त २.४ गिगाहर्ट्झच पकडतो. (त्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही बरं का.) जुन्या पेठांतल्या जाड दगडी भिंती आणि लोखंडी कपाटं सिग्नल खातात. डोंगल कॅबिनेटच्या मागे खोचलेला असेल तर पुढे लावून बघा. आणि सगळं जोडलं तरी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत असेल, तर आधी तारीख बघा! आतला नाण्याएवढा सेल संपला की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जातो आणि वेबसाइट्स त्याला दारातच अडवतात. सेल बदला, तारीख लावा, झालं. राउटरसोबत आलेला पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला. वाड्यात शेजाऱ्यांना नेट द्यायला माझी ना नाही, पण त्यासाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क वेगळं करता येतं.

हे सगळं मुलांकडूनच करून घ्यावं असं मला वाटतं. आपण परीक्षेत वायफायचं पूर्ण रूप विचारतो आणि 'वायरलेस फिडेलिटी' लिहिलं की गुण देतो. खरं तर ते कशाचंच संक्षिप्त रूप नाही, १९९९ साली बाजारासाठी मुद्दाम बनवून घेतलेलं नाव आहे! त्याऐवजी सातवी-आठवीच्या मुलांना एक डोंगल हातात द्या आणि लॅबमधला एक कॉम्प्युटर जोडायला सांगा.

आता अवघड प्रश्न. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या अनेक घरांत कॉम्प्युटर नाहीच, आणि एका मोबाइलमागे तीन मुलं असतात. त्या मुलांना 'लिंक पाठवली आहे, बघून या' म्हणणं मला पटत नाही. ती लिंक न उघडल्याबद्दल वर्गात उभं करणं तर त्याहून नाही. अशा शाळांनी लॅब सुटीनंतर तासभर उघडी ठेवायला हवी. शिक्षकांवर आधीच बोजा आहे, कबूल, पण आळीपाळीने हे जमण्यासारखं आहे. पालकांनीही पुढच्या पालकसभेत एवढं विचारावं, की शाळा सुटल्यावर लॅबची किल्ली कोणाकडे असते?