ऐकणाराच परवानगी देणार

जून 1908 मध्ये लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि लगोलग त्यांच्या पुण्याच्या घराची झडती झाली. खटला होता 'केसरी'तल्या लेखांवर. ते तर छापून गावभर गेलेले होते. पण झडतीत पोलिसांच्या हाती एक पोस्टकार्ड लागलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं टिपलेली होती. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते यावरून ताडा, म्हणून सरकारी पक्षाने ते कार्ड पुराव्यात घातलं. टिळकांचा खुलासा साधा होता. सरकार स्फोटकांविषयी नवा कायदा करत होतं. त्यातल्या व्याख्येवर टीका करायची, तर आधी विषय वाचायला नको? ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

शिक्षा लेखांसाठी झाली, कार्डासाठी नाही, हे मान्य. तरी मला त्या खटल्यात लेखांइतकंच ते कार्ड महत्त्वाचं वाटतं. लेख म्हणजे बोलणं. कार्ड म्हणजे बोलण्याआधीची तयारी. काय वाचलं, कोणाला विचारलं, कोणता मजकूर लिहून खोडला, ही सगळी तयारी आता आपल्या खिशातल्या फोनमध्ये असते. आणि ती पाहायला दारावर पोलीस यावे लागत नाहीत, पंचनामाही होत नाही.

पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या दोन ओळींपायी अटक झाली, तेव्हा देशभर गहजब झाला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ रद्दच केलं. अटक सगळ्यांना दिसली, म्हणून गहजब झाला. पाळत दिसत नाही. तिच्याविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

तिचा परिणाम बघायचा तर तालुक्याच्या वार्ताहराकडे बघा. वाळूच्या ठेक्याची बातमी त्याला कोणी तरी आतला माणूस देतो. फोनवर काय बोलणं झालं हे कळण्याचीही गरज नसते. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, काढल्या की कोण, कधी, किती मिनिटं बोललं आणि त्या वेळी कुठल्या टॉवरखाली होता, एवढं बाहेर येतं. आतला माणूस हुडकायला तेवढं पुरतं. सीडीआरसाठी गृहसचिवांची सहीसुद्धा लागत नाही, पोलीस खात्यातल्या वरिष्ठांच्या पातळीवर काम भागतं. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर पैसे घेऊन विकणाऱ्यांना पकडलं, त्यात खासगी गुप्तहेरही होते. म्हणजे हे कागद बाजारात मिळत होते. मग आतला माणूस म्हणतो, "साहेब, फोनवर नको." पुढे पुढे तो भेटायचंही टाळतो. छापून न आलेल्या बातमीवर कोणी बंदी घातलेली नसते, त्यामुळे तिच्यासाठी कोणी कोर्टातही जात नाही.

आता प्रत्यक्ष फोन ऐकण्याचा कायदा. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम 5(2) सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच ही मुभा देत होतं. 1996 मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटी घातल्या: आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिन्यांची, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर आढावा समिती. पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, असं काही सांगितलं नाही. इथेच गाडी घसरली. केंद्राच्या आढावा समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव असतात. सचिवाने काढलेला आदेश तीन सचिव तपासणार!

तपासणार तरी कसे? न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांना महाराष्ट्र मुंबई दंगलींच्या चौकशीपासून ओळखतो. त्यांच्याच समितीने 2018 च्या विदा संरक्षण अहवालात नोंदवलं आहे, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या आढावा समितीपुढे एका बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश येतात. एकेका आदेशाला अर्धं मिनिट दिलं, तरी 15,000 आदेशांना सव्वाशे तास लागतील. तीन सचिव पाच दिवस न झोपता बसले तरच ते होईल.

न्यायाधीशाने फाइल उघडली की काय होतं, हे मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. दहा लाखांच्या लाचेच्या प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश निघाले होते. ऑक्टोबर 2019 मध्ये न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी ते रद्द केले. यात ना आणीबाणी, ना सार्वजनिक सुरक्षितता. ध्वनिमुद्रण नष्ट करा, असा तो निकाल. पण त्या माणसाला कोर्टात जाता आलं, कारण त्याच्यावर खटला झाला आणि फोन ऐकल्याचं उघड झालं. ज्यांच्या फोनमध्ये काहीच सापडलं नाही, त्यांना कधी कोणी कळवत नाही. आपल्या व्यवस्थेत आरोपीला दाद आहे, निर्दोषाला नाही.

नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत आरोप केला, की आपण खासदार असताना आपला फोन 'अमजद खान' या नावाने ऐकला गेला. गुन्हे नोंदले गेले, 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आरोपाचं खरंखोटं तिथेच राहिलं. पण लोकप्रतिनिधीलाही हे कळायला वर्षं लागत असतील, तर तुम्हाआम्हाला कोण सांगणार?

"कर नाही त्याला डर कशाला", हे यावरचं ठरलेलं उत्तर. डर कर असणाऱ्याला नसते, माहिती देणाऱ्याला असते. पाळत नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. 26/11 च्या रात्री हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांचं बोलणं पोलिसांनी ऐकलं, म्हणून कट कुठून चालला होता ते जगापुढे आलं. अशा घडीला आधी ऐका आणि न्यायाधीशाची मंजुरी नंतर घ्या, एवढी तरतूद सहज करता येते. ज्या ब्रिटिशांनी 1885 चा कायदा आपल्या गळ्यात घातला, त्यांनी स्वतःच्या देशात 2016 च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताची मान्यता सक्तीची केली. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकला, तर संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. लांबणीवर टाकायचं तर न्यायाधीशाला कारण द्यावं लागतं.

आपण 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा केला, डिसेंबर 2024 मध्ये फोन ऐकण्याचे नवे नियमही आले. न्यायाधीशाची मंजुरी आणि नंतर कळवणं, या दोन्ही सुधारणा तेव्हाच करता आल्या असत्या. नव्या नियमांतही आढावा समितीत तेच तीन सचिव आहेत. न्यायाधीश एकही नाही.