टिकाऊ रॅकेट

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेत होतो, तेवढ्यात साताऱ्याहून ताईचा फोन. "अरे, तुझ्या भाच्याला रॅकेट हवीय. दोन हजाराच्या वर एक रुपया जायला नको. आणि या वेळी टिकाऊ बघ."

'या वेळी'वर जोर होता, कारण मागची सोळाशेची रॅकेट पाचव्या आठवड्यात मोडली होती. डबल्समध्ये दोघेही एकाच फुलावर धावले, रॅकेटवर रॅकेट बसली, कट्ट! फ्रेमला वरच्या बाजूला भेग. पण मला खरं खटकलं ते पुढचं. पठ्ठ्याने ती मोडकी रॅकेट आठ दिवस कपाटामागे लपवून ठेवली आणि घरी सांगितलं की कोर्ट बंद आहे. ताई शिवणकाम करते. सोळाशे रुपये म्हणजे किती ब्लाउजची शिलाई, हा हिशोब त्यानेच मला नंतर सांगितला. नववीतलं पोर!

तेव्हापासून 'टिकाऊ' या शब्दावर विचार करतोय. आमच्या धंद्यातही गिऱ्हाईक हेच म्हणतं, "कधीच बंद पडणार नाही असं बनवून द्या." असं काही नसतं. आपण एवढंच विचारायचं की हे बंद पडलं तर कसं पडेल, आणि तेव्हा आपल्याला किती महागात जाईल. रॅकेटचंही तसंच आहे असं माझं ठाम मत झालंय.

आता मोडण्याचे प्रकार बघा. आमच्या बाबांची लाकडी रॅकेट होती. ती चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात तिचा पापड. लाकूड दमटपणाने वाकतं. नंतर धातूच्या आल्या, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टीलचा दांडा. अजूनही सगळ्यात स्वस्त त्याच मिळतात. धातू आपटला की वाकतो आणि वाकलेलाच राहतो, पण निदान तुटून हातात येत नाही. आणि तिसरी कार्बनची, जिला दुकानात 'फुल ग्राफाइट' म्हणतात. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने भलतेच मजबूत, पण कडेने ठोसा बसला की तडकतात. म्हणजे फुलाच्या लाखभर फटक्यांनी जिला काही होत नाही, ती जोडीदाराच्या एका रॅकेटने जाते. पाच हजाराची असो की बाराशेची. महाग रॅकेट जास्त चांगली खेळते (ज्याला खेळता येतं त्याच्या हातात!), पण टकरीत ती जास्त टिकते असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

म्हणून कोर्टावरचे काका लोक "एकदाच काय ती भारी घेऊन टाक" म्हणतात, ते मला पटत नाही. मर्यादित पैशात सगळी रक्कम एका फ्रेममध्ये घालणं म्हणजे सगळा डेटा एकाच डिस्कवर ठेवणं आणि बॅकअपला पैसे नाहीत म्हणणं.

मग धातूचीच का नको? गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लहान पोरांना जरूर द्या. रॅकेट काय असते ते कळेपर्यंत तीच बरी. पण आठवड्यातून पाच दिवस खेळणाऱ्या मुलाला नको. ती शंभर ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिचा दांडा लवचिक नसतो, मग सगळा भार मनगटावर आणि खांद्यावर. टिकाऊ रॅकेट घेऊन खांदा बिनटिकाऊ करण्यात काय हशील?

तर दोन हजारात मी काय शोधलं ते सांगतो. फ्रेम आणि दांडा दोन्ही ग्राफाइटचे. दुकानदाराच्या बोलण्यावर न जाता फ्रेम आणि दांडा जुळतात तिथे बघायचं. दोन वेगवेगळे नळ जोडल्यासारखा टीच्या आकाराचा सांधा उघड दिसला तर बहुधा ती धातूची. वजन 4यू, म्हणजे 80 ते 84 ग्रॅम. त्याहून फार हलकी नको. डबल्सच्या हाणामारीत भिंती थोड्या जाड असलेल्याच बऱ्या. आणि दांड्यावर छापलेला ताणाचा आकडा वाचायचा. तो आकडा शोभेसाठी नसतो.

हे मी स्वानुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी माझ्या रॅकेटवर कमाल 24 पौंड छापलं होतं. गटिंगवाल्याने विचारलं, "किती टेन्शन?" शेजारी उभा असलेला पोरगा 27 म्हणाला होता, म्हणून मीही ऐटीत 27 म्हणालो. रॅकेट घरी आणून कपाटात ठेवली. सकाळी बघतो तर फ्रेम घड्याळात दहा वाजतात त्या जागी आत बसलेली. एक फटकाही न मारता! चूक अर्थात माझीच.

जास्त ताण म्हणजे जास्त जोर, हा गैरसमज फार पसरलाय. उलट आहे. ताण कमी असेल तर गट ट्रॅम्पोलिनसारखी फूल फेकते आणि मधली 'गोड जागा' मोठी राहते. ताण वाढला की नियंत्रण वाढतं, पण जोर आपला आपण लावावा लागतो. शिकणाऱ्याला 20 ते 23 पौंड भरपूर झाले. गटही जाड घ्यावी. बीजी 65 ही 0.70 मिमीची साधी, जुनी आणि चिवट. 0.65 मिमीच्या पातळ गटीचा आवाज मस्त येतो, पण त्या टणत्काराचे पैसे दर थोड्या दिवसांनी मोजावे लागतात.

आणि स्वस्त रॅकेटबरोबर येणारी कंपनीची गट बहुतेक वेळा ढिली आणि भुक्कड असते. बाराशेच्या रॅकेटवर नीट गटिंग केलं की ती वेगळीच रॅकेट वाटते. त्यामुळे पैशांची वाटणी अशी केली: रॅकेट 1250, गट आणि मजुरी 450, वरची ग्रिप 60. उरले 240, ते पाकिटात घालून भाच्याच्या हातात. पुढच्या गटिंगचा निम्मा खर्च.

सोबत नियमही दिले. गट तुटली की बाकीची लगेच कापायची, मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने. नाहीतर एकीकडचा ताण फ्रेमला वेडंवाकडं ओढत राहतो. मधोमध तुटली तर गट झिजली, कडेला तुटली तर आपला फटका चुकला. भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या फुटल्या तर तेव्हाच बदलायच्या, नाहीतर कार्बनची कड गट कापते. उन्हात गाडीच्या डिकीत रॅकेट नाही. पॉइंट हरला म्हणून जमिनीवर आपटायची तर अजिबात नाही. आणि डबल्समध्ये मधल्या फुलाला तोंडाने "माझं!" म्हणायचं. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच कोणी करत नाही.

शेवटचा नियम मात्र माझ्यासाठी होता. टकरीत मोडली तर त्याच दिवशी मला फोन करायचा, पुढची मामाकडून. ताई वैतागली. "म्हणजे मोडणार हे धरूनच चाललायस?" म्हटलं, हो. मोडायला घाबरणारा मुलगा नेटजवळ जात नाही, हात आखडता घेतो, आणि शेवटी कोर्ट बंद असल्याचं सांगतो. दोन हजारात आपण काहीतरी टिकवायला निघालोय खरं, पण ते त्याचं खेळणं. रॅकेट नव्हे. ताई गप्प बसली. पटलं की कंटाळली, माहीत नाही.

परवा त्याचा फोन आला. गट तुटली होती, अगदी मधोमध. स्वारी खूष! बाकीची त्याने नियमाप्रमाणे लगेच कापली, पण ती ताईच्या कापडाच्या कात्रीने. मागून जो आवाज येत होता तो इथे लिहिण्यासारखा नाही. कात्रीला धार लावण्याचा खर्च मामाच्या खात्यात जमा झालाय.