बैठकीला उतारा बैठकीचा

फराळाच्या ताटाशी दारूचा विषय काढणे गृहिणींना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण हल्ली सणासुदीला वरच्या खोलीत पुरुषांची ‘बैठक’ बसते आणि स्वयंपाकघरात सगळ्यांनी ते ठाऊकच नसल्यासारखे वागायचे असते. तेव्हा बोललेलेच बरे.

‘एकच प्याला’त मधल्या पायऱ्याही आहेत; पण प्रेक्षकांच्या ध्यानात राहतात ते दोनच सुधाकर: प्याल्यापूर्वीचा आणि पुरता बुडालेला. नोकरी सांभाळणारा, पण पगाराला गळती लागलेला, रात्री घरात आवाज चढविणारा मधला माणूस आपल्या हिशेबातच नाही. त्याला दारुडा म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. बोललेच तर आज्ञार्थात. ‘सोडा!’ ‘पोरांकडे तरी बघा!’ इतकी वर्षे व्याकरण शिकवितो आहे, पण आज्ञार्थाने कुणाची बाटली सुटलेली मी पाहिली नाही.

गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने प्रश्नार्थाची वाट धरली. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर हा प्रयोग केला. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापले गेले. समुपदेशक डॉक्टर नव्हते की मानसशास्त्रज्ञ. शिकवून तयार केलेली साधीच माणसे. बैठकी फार तर चार, अर्ध्या-पाऊण तासाच्या. किती पिता, केव्हा, कुणासंगे, हे विचारायचे. त्याने काय होते आहे ते दोष न देता समोर ठेवायचे. कमी का करायची, हे त्याच्याच तोंडून येऊ द्यायचे! मग दोस्ताने ग्लास पुढे केला तर नाही कसे म्हणायचे, मन बिघडले तर काय करायचे, पुन्हा पाय घसरला तर कसे सावरायचे. बस्स, एवढेच.

वर्षाने पाहिले तो या मंडळींत शेकडा सुमारे ५४ जण धोक्याच्या रेषेखाली आले होते. बैठकींवाचून नुसते डॉक्टरी उपचार मिळालेल्यांत सुमारे ३२. माझ्या मते चार गप्पांच्या मानाने ही कमाई लहान नव्हे.

मात्र तीन महिन्यांनंतरच्या मोजणीत बायकोला होणारी मारहाण कमी झालेली आढळली नाही. जिच्या अंगावर हात पडतो, तिने नवऱ्याच्या बैठकी संपायची वाट पाहत बसू नये. माहेर, शेजार, पोलीस, जे जवळ असेल ते गाठावे.

आणखी एक. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याचे काम अशा बैठकींनी भागणार नाही. त्याची दारू घरच्यांनी एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे, किंवा पुण्यात १९८६ पासून चाललेल्या ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी. बाटली मोरीत ओतण्याचा पराक्रम तेवढा करू नये.