पडलेलं आणि पाडलेलं

'अहो, आम्ही काय सांबर मारलं? पडलेलं शिंग उचललं!' हे वाक्य काही मंडळी ज्या ऐटीत उच्चारतात, त्या ऐटीत गांधीजींनी दांडीला मीठही उचललं नसेल.

हिवाळा सरत आला, थंडीतला माज उतरला, की सांबराच्या नराची शिंगं गळू लागतात. वाघ न दिसल्यामुळे आधीच चिडलेल्या आमच्या पर्यटकाला वाळक्या पाचोळ्यात असं शिंग दिसलं, की त्याच्या डोळ्यांपुढे दिवाणखान्यातली रिकामी भिंत उभी राहते. 'पडलंय, म्हणजे फुकट!'

मला हा हिशेबच मान्य नाही. बँकेत आमच्या काउंटरसमोर अधूनमधून कुणाची तरी नोट पडते. ती उचलून खिशात घालणाऱ्याला आपण निसर्गप्रेमी म्हणत नाही.

सांबराचं शिंग म्हणजे हाड. जुनं गळतं, नवं येतं. ते वाढत असताना चाऱ्यातलं कॅल्शियम पुरत नाही, तेव्हा हा प्राणी स्वतःच्या बरगड्यांतून ते काढतो. म्हणजे मुदत ठेव मोडून घर बांधण्यातला प्रकार! पुढे शिंग गळतं, साळिंदरं आणि उंदीर ते कुरतडून आपला वाटा घेतात, उरलेलं मातीत मुरतं. जमाखर्च पै न् पै जुळतो. मधेच त्यातला एक नग उचलून आपल्या भिंतीवर टांगणं, याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात.

यावर उत्तर ठरलेलं असतं. 'आजीच्या सहाणेपाशी सांबरशिंग असायचंच की!' असायचं ना. पोराच्या छातीत कफ झाला, की चार वळसे उगाळून लेप लावायची. पण तो बोटभर तुकडा पिढ्यान् पिढ्या पुरायचा. आजीनं त्याला पॉलिश करून त्यावर दिवा सोडला नव्हता. शोभेसाठी गिऱ्हाईक लागलं, की 'पडलेलं' आणि 'पाडलेलं' यांत एका कान्याचाच फरक उरतो.

भिंतीवरची जोडी कवटीच्या तुकड्यासकट असेल, तर तोही उरत नाही. गळणारं शिंग सुटं गळतं, डोकं बरोबर घेऊन येत नाही. आणि काळविटाचं शिंग 'सापडलं' म्हणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार! काळवीट कुरंगांतलं, त्याची शिंगं आयुष्यात एकदाच येतात, दरसाल गळत नाहीत. ती हाती आली, म्हणजे खातेदार वारला.

कायदाही स्पष्ट आहे. जंगलातली शिंगं नि हाडं १९२७ च्या वन कायद्यानं वनोपज ठरवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यातून वनोपज परवान्याशिवाय हलवता येत नाही. पण कायदा कुणाला अडवतो? जंगलाकाठच्या बाईच्या डोक्यावरची मोळी रखवालदाराला फर्लांगभरावरून दिसते. साहेबांच्या मोटारीची डिकी मात्र कुणी उघडायला सांगत नाही. तिची ती चोरी, यांचा तो छंद!

तेव्हा शिंग दिसलं, तर बघावं, पोराबाळांना दाखवावं आणि जागच्या जागी ठेवून पुढं जावं. साळिंदराच्या तोंडचा घास आहे तो. भिंत फारच रिकामी वाटत असेल, तर कॅलेंडर लावा. आमच्या बँकेत मिळतं. तेही फुकट.