गाडी उंच, रस्ता खोल

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला भेटणाऱ्या लोकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग "केवढ्याला पडली?" असं विचारतो आणि आकडा ऐकून "फसलात" म्हणतो. दुसरा वर्ग आकडा न विचारताच "फसलात" म्हणतो. मीरा रोडपासून उत्तनपर्यंत दोन्ही वर्गांतली माणसं मला मुबलक भेटली. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते तिसऱ्या वर्गाशी. हा वर्ग गाडीकडे चाकापासून टपापर्यंत पाहतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "बरं केलंत. आपल्या रस्त्यांना अशीच उंच गाडी पाहिजे!"

या वाक्यावर माझा आक्षेप आहे, आणि तो मी आज जाहीरपणे नोंदवणार आहे.

ज्या गाडीबद्दल हे बोललं जातं तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. नावावरून वाटतं, ही जात डोंगरदऱ्यांत जन्मली असावी. पण आपल्याकडे तिची कुंडली मांडली ती अर्थसंकल्पाने. २००६ साली चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. अट एवढीच, की पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीच्या आत हवं आणि डिझेलचं १५०० च्या. सवलत म्हटल्यावर आपण पोट आत घेतो, तशा गाड्यांनी शेपट्या आत घेतल्या. २०१३ साली इकोस्पोर्ट आली, २०१६ साली ब्रेझा आली. दोघीही चार मीटरला जेमतेम काही मिलिमीटर कमी. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी कौन्सिलने एसयूव्ही कोणाला म्हणायचं ते ठरवलं. लांबी चार मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठं, पोट जमिनीपासून निदान १७० मिलिमीटर वर, आणि लोक तिला एसयूव्ही म्हणत असले पाहिजेत. आमची गाडी यातल्या दोनच अटी पाळते. तिचं पोट वर आहे, आणि लोक म्हणतात. शिवाय इंजिनाची ताकद जाते फक्त पुढच्या चाकांना. मागची दोन चाकं वऱ्हाडातल्या पाहुण्यांसारखी नुसती बरोबर येतात.

मग उरलं काय? उंची! ती तरी किती? सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. साध्या छोट्या गाडीपेक्षा ती जास्त असते फार तर दोन-तीन बोटं. या दोन-तीन बोटांच्या जिवावर आपण नागरिक म्हणून निश्चिंत होतो!

त्यात जुनी गाडी घेणाऱ्याचं नशीब आणखी न्यारं. विकणारा एजंट "डॉक्टरची गाडी आहे" असं सांगतो. जुन्या बाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. इतर धंद्यांतली माणसं गाड्या विकत नसावीत. मग फॉर्म २९, फॉर्म ३० आणि सह्याच सह्या. विम्याचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही, तो जुन्याकडेच राहतो. म्हणजे पहिला मालक आपलं पुण्य बरोबर घेऊन जातो आणि पाप गाडीत ठेवून जातो.

हे पाप पहिल्या पावसाळ्यात वाजायला लागतं. आमच्या गाडीत पुढे डावीकडून खडखड सुरू झाली. लिंक रॉड बदलला. खडखड उजवीकडे गेली. बुश बदलले. मग शॉकअप बदलले. दर वेळी मेकॅनिक गाडी घेऊन रस्त्यावर चक्कर मारून यायचा. शेवटी तो हात पुसत म्हणाला, "साब, गाडी बढिया है. अब रोड बदली करो." इतकं नेमकं निदान मी कुठल्याही दवाखान्यात ऐकलेलं नाही.

कारण उंच गाडी खड्डा बुजवत नाही. ती फक्त खड्ड्यातून जाते, आणि त्याची किंमत लिंक रॉड भरतो. पहिल्या मालकाने थोडी भरलेली असते, उरलेली दुसरा भरतो. तिसरा आत्ता कुठे तरी पैसे साठवत असेल.

आपली ही जुनी खोड आहे. नळाला पाणी नाही? टँकर मागवा. वीज जाते? इन्व्हर्टर लावा. रस्ता खोल आहे? गाडी उंच घ्या. ज्याला परवडतं तो वर चढतो, आणि चढला की त्याची ओरड बंद होते. खाली राहतात स्कूटरवाला, रिक्षावाला, भाजीची पिशवी घेऊन चालणाऱ्या काकू आणि दप्तर पाठीवर घेतलेली पोरं. त्यांना दोन बोटं उंची कोण विकणार? स्कूटरवाला खड्ड्यात पडला तर त्याचा लिंक रॉड बदलून मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं, की चांगला, सुरक्षित रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे; आणि खड्ड्याने जीव गेला तर कुटुंबाला सहा लाख रुपये द्यायला सांगितलं. म्हणजे जी गोष्ट आपल्या हक्काची, ती आपण कर्ज काढून विकत घेतो, आणि वर "बरं केलंत" असं ऐकून घेतो!

तुम्ही म्हणाल, "मग तुम्ही का घेतलीत?" आईच्या गुडघ्यांसाठी घेतली. ठेंगण्या गाडीत बसताना तिला विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. या गाडीत ती खुर्चीत बसावं तशी बसते. या कामाला ही गाडी उत्तम आहे. जुनी असली तरी उत्तम आहे. माझी तक्रार गाडीबद्दल नाहीच.

आणि ओरडून काही होत नाही, असं कृपा करून म्हणू नका. दहिसरच्या टोलनाक्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरड झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. तिथे उंच, ठेंगणे, नवे, जुने सगळे एकाच रांगेत अडकत होते, म्हणून सगळे ओरडले. खड्ड्यापाशी मात्र रांग फुटते. आपण गाडीच्या पोटाखालून खड्डा जाऊ देतो आणि मागच्या स्कूटरवाल्याला तो भेट देतो.

गाडी नावावर करून घेताना आपण इतक्या सह्या करतो, त्यात आणखी एक करावी. आपल्या गल्लीतल्या खड्ड्याच्या अर्जावर करावी, अर्जाचा नंबर आरसी बुकाइतका जपून ठेवावा, आणि खड्डा बुजेपर्यंत विचारत राहावं. मग खुशाल उंच गाडी घ्या. आईच्या गुडघ्यांसाठी घ्या, गावाकडून येणाऱ्या तांदळाच्या पोत्यासाठी घ्या, नाही तर मेव्हण्यावर छाप पाडायला घ्या. खड्ड्यासाठी तेवढी घेऊ नका.