सुरत सावरली ती महापालिकेमुळे

१९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीनं सुरत ओस पडली. काही दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं आपापल्या गावी पळाली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं, यंत्रमाग थांबले, हिरे घासणारी चाकं बंद पडली. आज जगातले बहुतांश हिरे याच शहरात पैलू पाडून निघतात. याचं श्रेय सहसा सुरती व्यापाऱ्याच्या धडाडीला दिलं जातं. पण ती धडाडी प्लेगच्या आधीही होतीच आणि तेव्हा तुंबलेली गटारं आणि कचऱ्याचे ढीगही होते. त्यामुळे शहर पुन्हा उभं केलं ते महापालिकेनं, असं माझं ठाम मत आहे. मे १९९५मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले आणि मुख्यालयातले अधिकार विभागप्रमुखांच्या हाती दिले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वॉर्डात फिरायचं आणि काय पाहिलं, काय केलं, हे त्याच दिवशीच्या बैठकीत सांगायचं. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, घाण करणाऱ्या हॉटेलांना दंड बसला, बड्यांची बेकायदा बांधकामंही पडली. १९९६मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेनं सुरतला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं.

यावर कोणी म्हणेल, हा एका खमक्या अधिकाऱ्याचा करिष्मा. तसं असतं तर त्यांच्या बदलीबरोबर सगळं विरलं असतं. २००६च्या पुरात तापीनं बहुतेक शहर बुडवलं, तरी १९९४सारखी पळापळ झाली नाही. आणि २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. व्यापारी एरवीही परतलेच असते, हा दुसरा आक्षेप. परतले असते, हे खरं. पण पुढच्या साथीत पुन्हा पळण्यासाठी. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत याच शहरातले परप्रांतीय कामगार ‘आम्हाला घरी जाऊ द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले. गटारं सुधारली, पण ज्यांच्या श्रमावर माग चालतात त्यांना संकटात शहरात टिकून राहण्याइतका आधार मिळाला नाही. सुरतचं सावरणं तेवढं अपुरं आहे. उधना, लिंबायतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांमुळे हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. आपल्या शहरांत नव्या उड्डाणपुलांची चर्चा होईल तेव्हा वाचकांनी आपल्या वॉर्डातल्या अधिकाऱ्याला एवढंच विचारावं: गटार तुंबलं, तर ते वरची सही न आणता तुम्हाला आजच्या आज साफ करून घेता येतं का?