पायाचा जोर की इंजिनाचा?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

जुन्या मोटारी हौसेने बाळगणाऱ्यांत एक वाद नेहमी रंगतो. गाडीचा ब्रेक पूर्वीसारखा निव्वळ पायाच्या जोरावर चालणारा ठेवावा, की त्याला बूस्टर बसवून तो इंजिनाच्या मदतीने हलका करून घ्यावा? वरवर पाहता हा वाद गॅरेजमधल्या बाकड्यावर चहा पिता पिता मिटवण्याजोगा. त्यासाठी वार्षिकांकाची पाने कशाला अडवायची, असे कोणी म्हणेल. कला शाखेच्या विद्यार्थिनीने ब्रेकवर लिहावे हेही कित्येकांना विपरीत वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचे चुकलेले उत्तर घाटाच्या उतारावरच कळते, तो प्रश्न किरकोळ कसा म्हणावा? शिवाय आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आणि ती पायरी मला दाखवली ती कोल्हापुरातल्या एका लहानशा गॅरेजच्या कमाईने. तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा माझा अधिकार वाचक मान्य करतील अशी आशा आहे.

आधी गाडी कोणती ते सांगते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट ११००, जिला पुढे सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, ती आपल्या ओळखीची आहे. १०८९ सी. सी.चे इंजिन, वजन ९०० किलोच्या आसपास, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांच्या दारातल्या गाड्या. त्यांपैकी काही आमच्या गॅरेजात येतात, आणि हल्ली दर दोन-तीन मालकांमागे एकाची मागणी ठरलेली असते: “मेस्त्री, ब्रेक फार जड आहे. बूस्टर टाकून द्या.”

माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, या मागणीला साफ नकार देतात. ते सातवीपर्यंत शिकलेले. पास्कल नावाचा एक फ्रेंच शास्त्रज्ञ सतराव्या शतकात होऊन गेला आणि त्याच्या नियमावर आपला रोजचा धंदा चालतो, हे त्यांना कोणी कधी सांगितले नाही. बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व बाजूंना सारखाच पोचतो, एवढाच तो नियम. पण आण्णांच्या पायाला तो ठाऊक आहे. पेडल दाबले की कोणत्या चाकाचा सिलिंडर अडकला आहे हे त्यांना कळते. मी हा नियम शाळेच्या पुस्तकात वाचला, आणि मग गॅरेजात येऊन त्याचा हिशेब मांडू लागले.

तो हिशेब असा. ब्रेकचे पेडल ही एक तरफ आहे. पायाने चालणाऱ्या ब्रेकमध्ये तिचे प्रमाण साधारणपणे एकास सहा धरतात. म्हणजे पायाने २० किलो जोर दिला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १२० किलो पडतो. आता दट्ट्याचा व्यास पाऊण इंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर, आणि तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४२ किलो. तोच व्यास एक इंच केला तर क्षेत्रफळ ५ च्या थोडे पुढे जाते आणि दाब २४ किलोपर्यंत खाली येतो. ‘मोठा सिलिंडर म्हणजे दणकट ब्रेक’ ही समजूत किती फसवी आहे पाहा! सिलिंडर मोठा केला की पेडल जडच होते. लहान सिलिंडरने ते हलके होते. मात्र तेवढेच तेल पुढे ढकलायला त्याला जास्त खोल दाबावे लागते. निसर्ग फुकट काही देत नाही, हेच खरे.

बूस्टर मग काय करतो? पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा त्याच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. बूस्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा. त्याच्या मध्ये रबरी पडदा. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात असतो. पाय पडला की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. आठ इंची पडद्याचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटरच्या वर भरते. १८ इंच पाऱ्याएवढा निर्वात मिळाला तर १९० किलोंहून अधिक जोर नुसती हवाच लावते! बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांनी १९२७ च्या सुमारास ही युक्ती गाडीच्या ब्रेकला लावली. युक्ती मोठी आहे, यात शंका नाही.

मग तिला विरोध का? पहिले कारण असे की, गाडी अखेर थांबते ती टायरच्या पकडीवर. तुमच्या पायाच्या जोराने चारही चाके जाम होत असतील, तर बूस्टर बसवून गाडी एक फूटही अलीकडे थांबणार नाही. बूस्टरने श्रम कमी होतात, थांबण्याचे अंतर आपोआप कमी होत नाही. हे दोन निराळे लाभ आहेत आणि लोक त्यांची सरसकट गल्लत करतात.

दुसरे कारण ड्रम ब्रेकच्या स्वभावात आहे. ड्रम फिरताना पुढचा शू स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे दाबलेल्या जोराला चाकच हातभार लावते. डिस्क ब्रेकला ही सवय नाही; तिथे पॅड जेवढा दाबाल तेवढाच दाबला जातो. म्हणून डिस्कवाल्या गाडीला बूस्टर लागतो. उद्या कोणी म्हणेल, “आजच्या सगळ्या गाड्यांना बूस्टर आहे, मग फियाटनेच काय पाप केले?” त्याला उत्तर हेच की आजच्या गाडीला पुढे डिस्क आहे, तिचे वजन आणि वेग जास्त आहे, आणि तिची तरफ, सिलिंडर व बूस्टर एकमेकांना धरून आखलेले आहेत. ९०० किलोच्या गाडीचे चार निरोगी ड्रम एका साध्या माणसाच्या पायाला पुरेसे आहेत.

निरोगी या शब्दावर मात्र माझा भर आहे. ‘ब्रेक जड’ म्हणून आलेल्या दहा गाड्यांत आठ-नऊ वेळा दुखणे निराळेच निघते. लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात, व्हील सिलिंडर गंजून अडकलेला असतो, शूचे अॅडजस्टमेंट कित्येक महिन्यांत झालेले नसते, नाहीतर जुना रबरी पाइप आतून फुगून तेलाची वाट अडवून बसलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते ही गोष्ट तर मालकांच्या ध्यानीमनी नसते. नव्या डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० वर येते. उतारावर ब्रेक तापला की अशा तेलात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ जमिनीला टेकते. यावर बूस्टर काय करणार? तापाने फणफणलेल्या माणसाला अत्तर लावण्यासारखेच ते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. बूस्टर इंजिनावर जगतो. इंजिन बंद पडले तर डब्यात साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळा मदत मिळते, पुढे काही नाही. आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची एक घातक खोड अजून आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या गावी बूस्टर बसवून घेतला आणि जुन्या सवयीने आंबा घाट उतरायला घेतला. तिसऱ्या वळणाला पेडल दगडासारखे झाले. बूस्टरसोबत पेडलची तरफ बदलून एकास चार केली होती. म्हणजे मदत गेल्यावर त्यांना पूर्वीच्या दीडपट जोर लागणार होता. ते सुदैवाने डोंगराच्या बाजूच्या चरात गेले, दरीच्या बाजूला नाही. गाडीत त्यांची पत्नी होती, नातवंडे होती. ब्रेक निकामी झाला नव्हता, फक्त जड झाला होता. पण आपल्या गाडीचा ब्रेक आता कोणाच्या जोरावर चालतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. पिस्टन रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजलेले इंजिन पुरेसा निर्वात देत नाही. आणि अनेक जुन्या गाड्यांत पुढे डिझेल इंजिने बसवली गेली. डिझेल इंजिनात असा निर्वात तयारच होत नाही, त्याला वेगळा पंप लावावा लागतो. हे न तपासता बूस्टर बसवणे म्हणजे विहीर न पाहता मोट बांधणे होय.

तर मग बूस्टर कधीच नको काय? इथे मात्र आण्णांशी माझा मतभेद आहे. ते म्हणतात, “ज्याला पाय लावता येत नाही त्यानं जुनी गाडी ठेवू नये.” वयाने आणि अनुभवाने ते मोठे आहेत, तरी हे म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांच्याकडे १९७४ सालची फियाट आहे. त्यांचा उजवा गुडघा अधू झाला आहे. गाडी सर्व बाजूंनी तंदुरुस्त आहे. आण्णांनीच ती तशी ठेवली आहे. पण शहरातल्या गर्दीत तासभर चालवली की रात्री त्यांना झोप लागत नाही. यांना आपण काय सांगणार? गाडी विका? पन्नास वर्षांची सोबत एका तत्त्वासाठी तोडा? २० किलो जोर हा तरण्या पायाला हिशेब आहे, दुखऱ्या गुडघ्याला तो दंड आहे.

आणि या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती मी स्त्री म्हणून मांडते. जड ब्रेक हे आपल्याकडे पुरुषार्थाचे लक्षण समजले जाते. मी फियाट चालवायला शिकले तेव्हा बाकड्यावरची मंडळी म्हणाली, “पोरीच्या पायाला हा ब्रेक झेपायचा नाही.” तो झेपला, कारण तो नीट राखलेला होता. जो ब्रेक केवळ पैलवानालाच दाबता येतो, तो मर्दानी नव्हे, तो नादुरुस्त आहे. त्यामुळे बूस्टर मागणाऱ्याला हसणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. फॅशन म्हणून मागणाऱ्याला समजवावे. गरज म्हणून मागणाऱ्याचे काम नीट करून द्यावे.

नीट म्हणजे कसे, याचाही क्रम असला पाहिजे. आधी आहे तो ब्रेक पूर्ण बरा करा: लायनर, सिलिंडर, रबरी पाइप, ताजे तेल, हवा काढणे. मग पैसे उरत असतील तर ते बूस्टरआधी दुहेरी मास्टर सिलिंडरवर घाला. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांचे तेल एकाच वाटेने जाते. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, आणि हाती फक्त हँडब्रेक. अमेरिकेने १९६८ पासून प्रवासी मोटारींना दोन स्वतंत्र वाटांची यंत्रणा सक्तीची केली, ती उगाच नव्हे. यानंतरही चालकाच्या पायाला मदत हवी असेल, किंवा पुढे डिस्क बसवायची असेल, तर बूस्टर जरूर बसवा. पण तरफ, सिलिंडर आणि निर्वात यांचा मेळ घालून, आणि मालकाला शेजारी बसवून, मोकळ्या सपाट मैदानात सावकाश इंजिन बंद करून पेडल कसे होते ते त्याच्या पायाला दाखवून.

मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांचेही मला पटते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. परंतु त्या गाडीला रोज रस्त्यावर हिंडण्याची मुभा नाही; ती प्रदर्शनाची, रॅलीची. तिचा मूळ ब्रेक जपावा हेच योग्य. जी गाडी रोज भाजी आणायला, नातवंडांना शाळेत सोडायला निघते, तिची गोष्ट वेगळी. तिच्यासमोर उद्या एखादे लहान मूल धावत येईल, तेव्हा ती किती अस्सल आहे हे कोणी विचारणार नाही. ती थांबली की नाही एवढेच विचारतील.

म्हणून माझे मत थोडक्यात असे: हलक्या, ड्रमवाल्या, नीट राखलेल्या गाडीला पायाचा जोर पुरतो, आणि तोच ठेवावा. दुखणे झाकण्यासाठी बूस्टर कधीही नको. मात्र चालकाच्या शरीराची खरी गरज असेल, तर गाडीच्या अभिमानापायी माणसाला शिक्षा करू नये. आण्णांना हे मत अजून मान्य नाही. पण निवृत्त शिक्षकांच्या फियाटचे पेडल काढून त्यांनी परवा तरफेचे माप घेतले, आणि कागदावर तो हिशेब मला मांडायला सांगितला.